मोकळ्या आभाळातला हात

माझा हात माझ्या जावयाने विकला. विकला तो विकला, वर मेलेल्या माणसाच्या नावाने विकला.

तोडून नेला नाही. मनगटाला आहे अजून, बांबू सोलतो, भाकरी थापतो, वेळ आली तर कानाखाली वाजवायलाही पुरेसा आहे. पण त्याच्यातलं जे होतं ते नेलं. ते कसं नेलं आणि मी ते कसं नासवलं, तेवढंच सांगायचं आहे.

मी हौसाबाई रंगनाथ नागे. येवल्यात तीन पिढ्या आमच्या घरच्या आसाऱ्या चालतात. पतंगाची दोरी गुंडाळायला बाकीच्या गावात फिरकी असते, येवल्यात आसारी असते. बांबूच्या काड्यांची, मधून दांडा. चांगली आसारी तळहातात धरली की वर आभाळात पतंगाला काय वाटतंय ते कोपरापर्यंत कळतं. प्लास्टिकच्या फिरकीला यातलं काही कळत नाही.

आमचे हे, म्हणजे नाना, संक्रांतीचे राजे. भोगी, संक्रांत, कर, तीन दिवस नानांचा पतंग कोणी कापला असं कधी झालं नाही. बाईमाणसाने पतंग उडवायची आमच्या आळीत रीत नव्हती. बाईने मागे आसारी धरून उभं राहायचं. मी चाळीस वर्षं उभी राहिले. लोक पुढच्याला बघतात. पण दोरी त्यांच्या बोटांतून निघून माझ्याच हातात येत होती, आणि ढील किती सुटायची हे मागे ठरत होतं. हे नानांना माहीत होतं. ते कोणाला सांगत नव्हते, मला मात्र संक्रांतीला न चुकता साडी आणत होते.

मग नानांना अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली. गच्चीचा जिना त्यांना हिमालय झाला. खाटेवर पडून खिडकीतल्या चार बोटं आभाळाकडे बघत राहायचे.

तो धोंड्याचा महिना होता. तीन वर्षांनी एकदा येणारा हा अधिक महिना. त्यात लेक-जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं. जावई आले ते बगलेत एक काळा खोका घेऊन. विक्रांतराव पुण्यात खेळांच्या कंपनीत होते. कंपनीचं नाव नभांगण.

"मामी, ह्यात आभाळ आहे," ते म्हणाले.

"मग वर काय आहे?" मी विचारलं.

शीतल, माझी लेक, हसली. नाना पण वाकड्या तोंडाने हसले. महिन्यात पहिल्यांदा.

खोका भिंतीवर आभाळ टाकायचा. हातात एक जाळीचा मोजा घालायचा, त्यात केसाएवढ्या तारा. समोर पतंग ताणला की त्या तारा बोटांना ओढायच्या, म्हणजे दोरी नसून दोरी. मी म्हटलं, आसारी नसेल तर मला तुमचं आभाळ नको. तेव्हा जावयांनी माझ्याच एका आसारीच्या दांड्यात बटणाएवढी चकती बसवून दिली. माणूस हुशार, ते नाकारत नाही. चोर हुशारच असतो.

त्या आभाळात शिरायला दोन दारं होती. एक मानाचं खातं, एक मोकळं. मानाच्याला महिन्याला पैसे. तिथे दोरी ओढली की पतंग तिथल्या तिथे वळतो, आणि तुमचा खेळ तुमच्यापाशी राहतो. मोकळं खातं फुकट. पण तिथे दोरी ओढल्यावर पतंगाला पाव सेकंद उशिरा कळतं, आणि तुमचा हात कसा चालला याची नोंद कंपनीकडे जाते.

"मी भरतो तुमच्या मानाच्या खात्याचे," जावई म्हणाले.

"जावयाच्या पैशाने आम्ही रोज खेळायचं? आमच्यात मुलीच्या घरचं पाणी पीत नाहीत, विक्रांतराव. वारा कसा पिऊ?"

"बरं, मग तुम्हीच भरा, मामी. फार नाहीत."

"वाऱ्याला पैसे देते म्हणून कळलं तर माझे सासरे वरून दगड मारतील. मोकळंच असू द्या."

खोकासुद्धा मी तसा घेतला नाही. वाणात चांदीची वाटी वाढवून त्याची फेड केली. मोठ्या तोऱ्यात केली. जाताना जावयांनी त्या काचेवर मला अंगठा टेकवायला लावला. खाली मुंगीएवढी अक्षरं होती. मी तिसरी शिकलेले. मी म्हटलं, फुकटच्या गोष्टीत वाचायचं काय असतं.

असतं. फुकटच्याच गोष्टीत असतं.

तीन वर्षं खेळलो. खातं नानांच्या नावाचं, 'रंगनाथ'. पण त्यांचा उजवा हात तर खाटेवर ओंडक्यासारखा. मोजा मी घालायची, आसारी मी धरायची, नाना शेजारी पडून बोलायचे. "थांब... थांब... दे ढील... आता." पहिल्या महिन्यात रोज हरलो. ती पाव सेकंदाची लबाडी भारी. पेच लागला म्हणून ओढावं, तर पतंगाला कळेपर्यंत समोरचा कापून मोकळा.

मग नाना म्हणाले, "हौसे, पतंग कुठे आहे ते बघू नको. कुठे असेल ते बघ."

तेव्हापासून मी पाव सेकंद पुढे राहायला शिकले. समोरचा काय करणार ते त्याने करायच्या आत माझी बोटं उत्तर द्यायची. दुसऱ्या वर्षी नानांनी बोलणं कमी केलं. तिसऱ्या वर्षी ते नुसते बघायचे, आणि पेच जिंकला की डाव्या हाताने खाटेच्या पाटीवर टकटक करायचे. मोकळ्या आभाळात 'रंगनाथ'च्या नावाने लोक कापायचे.

तिसऱ्या वर्षाच्या वैशाखात, सकाळचा डाव झाल्यावर, मी चहा ठेवायला उठले. टकटक ऐकू आली. चहा घेऊन आले तेव्हा ते गेलेले होते. जिंकून गेले.

पुढच्याच महिन्यात नसरीनने मला हाक मारली. नसरीन म्हणजे मांजावाल्या करीमचाचांची लेक, पन्नाशीची. चाचांच्या दुकानात जिथे मांज्याची रिळं लटकायची तिथे आता सहा खोके मांडलेत. गावातली पोरंटोरं, म्हातारी सगळी तिथे खेळतात. माझ्या आणि तिच्या गच्चीमध्ये एका बोळाचं अंतर.

"मावशी, आत या जरा. नानांचा हात बाजारात आलाय."

मला वाटलं चेष्टा करते. तिने भिंतीवर दाखवलं. नानांचा फोटो, लग्नातला, फेटा बांधलेला. खाली लिहिलेलं नसरीनने वाचलं: येवल्याचा हात. पतंगसम्राट कैलासवासी रंगनाथ नागे. फक्त मानाच्या खात्यासाठी.

"म्हणजे काय?"

"घाला मोजा. माझं मानाचं खातं आहे, एक महिना फुकट मिळालंय."

घातला. आभाळ आलं, समोरून एक लाल पतंग आला, आणि माझी बोटं आपोआप हलली. तारांनी हलवली. मी काही करत नव्हते. ढील सुटली, थांबली, परत सुटली, आणि खेच. लाल पतंग कापला. पण खेचण्याच्या आधी मोज्याने माझी करंगळी उचलली. एवढीशी.

मी मोजा काढून टाकला.

"काय झालं?" नसरीन म्हणाली.

मी तिला माझी करंगळी दाखवली. एकोणिसाव्या वर्षी बांबू सोलताना सुरीने कापली होती, तेव्हापासून ती वाकत नाही. म्हणून जोर लावायच्या आधी मी ती बाजूला उचलते. नानांच्या करंगळ्या, अर्धांगवायूच्या आधी, दोन्ही धडधाकट होत्या.

नसरीन खाली बसली. मग तिने मला समजावलं, कारण तिच्याकडे खोके दुरुस्तीला येतात आणि तिला त्यांच्या पोटातलं माहीत आहे. डोक्यातून हुकूम निघून बोटापर्यंत पोचायला वेळ लागतो. म्हणून मुरलेला हात हुकमाची वाट बघत नाही, पुढचं ताडून आधीच निघतो. कधी निघतो, किती थरथरतो, कुठे अडतो, हे प्रत्येकाचं वेगळं, अंगठ्याच्या ठशासारखं. कंपनी त्याला हातवळण म्हणते. चारपाचशे तासांची नोंद मिळाली की खोका ते हातवळण शिकतो, आणि मग दुसऱ्या कोणाच्याही बोटांत ते घालू शकतो.

"आणि मावशी, मानाच्या खात्यांतून असे हात मिळत नाहीत. तिथे उशीर नाही, मग ताडायला कोण शिकणार? मोकळ्या आभाळात उशीर मुद्दाम ठेवलाय. त्यात जो जिंकायला शिकतो, तोच हात उचलायचा आणि बिनउशिराच्या आभाळात विकायचा. तिथे त्याला तोड नाही."

म्हणजे उपाशी ठेवून बैल पळवायचा, आणि शर्यत जिंकला की कातडं विकायचं.

"वकिलाकडे जाऊ," नसरीन म्हणाली. मग तिनेच ती मुंगीएवढी अक्षरं काढून वाचली. मोकळ्या खात्यातला हात कंपनीचा. विकायला काढायचा तर खातेदाराची सही, खातेदार हयात नसेल तर वारसाची. तिने मान वर केली. "अंगठा तुम्हीच दिला होता, मावशी."

"माहीत आहे. तोंड बंद कर."

पुन्हा धोंड्याचा महिना लागला होता. नानांना वर्ष व्हायचं होतं, पण हा महिना काही दरसाल येत नाही. लेक-जावयाला बोलावलं. पाट मांडले, रांगोळी काढली. धोंडे असे केले की बोटाने दाबले तर पुरण डोळे मिचकावेल. जावयाच्या पानात तूप वाढताना मी सहज विचारलं.

"नानांचा फोटो लय छान आलाय हो कंपनीच्या भिंतीवर."

घास थांबला. शीतलने मान खाली घातली ती वर केलीच नाही.

"सांगणारच होतो, मामी," जावई म्हणाले. "मानच आहे तो. अख्ख्या देशात नानांचं नाव झालं."

"पण हात माझा होता."

ते हसले. वाईट हसले नाहीत, लहान मुलाशी हसतात तसे. "असेल हो. पण पतंगसम्राटाचा हात म्हटलं की लोक घेतात. सासूचा हात कोण घेतो?"

मी तुपाची वाटी खाली ठेवली. "सही?"

"मेलेल्या माणसाला वारस चालतो. जिवंत माणसाला विचारावं लागतं. आणि तुम्ही नाही म्हणाला असतात, हे तर आम्हाला माहीतच होतं." मग शीतलकडे बघून, "हिने केली."

"आई, मला वाटलं नानांचं काहीतरी मागे राहील," शीतल पानाशी बोलली.

खरं वाटत असेलही तिला. पण तिला माहीत होतं. तीन वर्षं सुट्टीत येऊन ती त्या खाटेशी बसली होती. मोजा कोणाच्या हातात होता हे तिने बघितलं होतं.

"एक विनंती," जावई हात धुताना म्हणाले. "नानांचं खातं बंद करू नका. रोज खेळत जा. तुमचाही वेळ जाईल."

विधवा सासूच्या वेळेची एवढी काळजी. मी नसरीनला विचारलं. ती म्हणाली, हात ताजा ठेवायला लागतो. रोज नवीन नोंद गेली नाही तर लोक त्याच्या खोडी ओळखतात. तुम्ही खेळाल ते रात्रीतून त्या विकत्या हातात जातं.

"मी काय खेळते ते कोणी तपासतं?"

"एवढ्या हातांचं कोण तपासणार? हात जिंकतोय ना, तेवढं बघतात."

"आणि खोक्याला चांगलं-वाईट कळतं?"

"त्याला काय कळणार? हात जे करतो ते तो शिकतो."

मी जावयाला विनंती मान्य असल्याचं कळवलं. वाणात तेहतीसऐवजी छत्तीस अनारसे पाठवले.

आमच्या घरात एक रीत होती. नानांचे वडीलही पतंग उडवायचे, पलीकडच्या गच्चीवरून. आभाळात बापाचा पतंग समोर आला की नाना आपला पतंग तीनदा खाली झुकवायचे. एक, दोन, तीन. वाकून रामराम. मग पेच न लावता बाजूला व्हायचे. बापाला कापायचं नाही. येवल्यात बाकी कोणी हे करत नव्हतं, आणि भिंतीवरच्या आभाळात तर कोणीच नाही. तिथे सगळे कापायला येतात, वाकायला कोण येतो?

मी ठरवलं, माझा हात रामराम ओळखायला शिकेल. तीनदा वाकलेला पतंग दिसला की तो पेच लावणार नाही, बाजूलाही होणार नाही. तो दोरी सोडून देईल. सगळी, आसारी रिकामी होईपर्यंत.

रोज दुपारी जेवणं झाली की मी माझ्या घरी मोजा घालायची, नसरीन तिच्या दुकानात. शंभरातले नव्वद डाव मी खरे खेळायची, जीव लावून, कापाकापी करत. खोटं मुरवायचं तर नव्वद भाग खऱ्यात मुरवावं, मीठ कणकेत मुरवतात तसं. मधूनच नसरीनचा हिरवा पतंग यायचा, तीनदा वाकायचा, आणि मी बोटं उघडायची.

पहिले काही दिवस बोटं उघडेचनात. चाळीस वर्षांची खोड, दोरी सोडायची नाही. डोकं सांगायचं सोड, हात म्हणायचा वेडी का काय. मी हाताला शिव्या द्यायची. हळूहळू तो वाकला.

"मावशी, एवढे सलाम मी सासरच्यांना पण केले नाहीत," नसरीन बोळातून ओरडायची.

"केले असतेस तर नांदली असतीस."

"तुमच्या जावयासारखा मिळाला असता तर? इथेच बरी."

श्रावण गेला, दसरा गेला. मला हाताला सांगायची गरज उरली नाही. दिवाळीच्या पाडव्याला नसरीनने तिच्या मानाच्या खात्यातून तो विकत घेतलेला हात घातला आणि मी मोकळ्या आभाळातून समोर गेले. तीनदा वाकले. तिकडून तिची किंकाळी आली. मग हसू. तिची बोटं मोज्याने पाकळ्यांसारखी उघडली होती.

"बंद करून बघितली, मावशी. होत नाहीत. तारांचा जोर जास्त आहे."

"आता कोणाला बोलू नको," मी म्हटलं. "संक्रांतीपर्यंत."

कारण संक्रांतीला नभांगण कंपनी येवल्यात येणार होती. मैदानात चार मजली पडदा लावून, पतंगाच्या गावात पतंगाचा खेळ. जावई स्वतः स्टेजवर उभे राहून येवल्याचा हात घालणार, आणि मोकळ्या आभाळातल्या कोणीही त्यांना कापून दाखवावं, असं आव्हान. देशभरचे मानाचे खातेदार त्याच आभाळात तोच हात घालून बघायला उभे राहणार. हात आजवर हरलेला नाही, अशी जाहिरात.

भोगीच्या सकाळी शीतलचा फोन आला. ती गावातच आलेली, पण कंपनीने दिलेल्या हॉटेलात उतरलेली.

"आई, उद्या ह्यांच्यासाठी फार मोठा दिवस आहे. चांगलं झालं तर हे मुख्य होतील. पुण्यातलं घर त्यावरच आहे. तू आशीर्वाद दे."

बाजरीची भाकरी तव्यावर होती. ती मी उलटवली.

"आई?"

"तुझ्या बापाच्या नावाचा हात आहे. त्याला जे मिळायचं ते मिळेल."

"म्हणजे तू रागावलेली नाहीस?"

"उद्या तिळगूळ घ्यायला ये," मी म्हटलं आणि फोन ठेवला. भाकरी एका बाजूने करपली होती. कोणी म्हणेल तेव्हा थांबायचं होतं. मीही करपलेली भाकरी हातात घेऊन क्षणभर तेच म्हणाले. मग मला ऐकू आलं: सासूचा हात कोण घेतो. भाकरी गाईला घातली.

संक्रांतीच्या दुपारी मी नसरीनच्या दुकानात बसले. तिने शटर अर्धं ओढलं. भिंतीवर आभाळ, कोपऱ्यात छोट्या चौकटीत स्टेज. जावई जांभळ्या जॅकेटात, कानाला माईक. पहिल्या रांगेत शीतल. मैदानावर वाजणारी हलकडी आम्हाला दुकानातसुद्धा ऐकू येत होती.

एकेक जण आला आणि कापला गेला. मालेगावचा, सुरतेचा, कुठला कुठला. प्रत्येक वेळी माझी करंगळी त्या जावयाच्या हातावर उचललेली मला पडद्यावर दिसत होती. लोक ओरडत होते, "नाना, नाना."

शेवटी मी गेले. पांढरा पतंग.

लगेच वाकले नाही. मला माझ्याशी एकदा खेळायचं होतं. आणि काय सांगू, तो डाव. मी ढील द्यायचा विचार केला की समोरून ढील. मी दबा धरला की समोरून दबा. आरशाशी भांडल्यासारखं. त्याला उशीर नाही, मला पाव सेकंद. तरी दहा मिनिटं ना त्याने मला कापलं ना मी त्याला. हलकडी थांबली. मला वाटलं मागे कोणीतरी पाटीवर टकटक करतंय. नसरीनची बोटं होती ती, काउंटरवर.

पडद्यावर माझ्या पतंगाखाली नाव उमटलं: रंगनाथ. मोकळं खातं.

जावयाने ते वाचलं. माईक चालू होता.

"मामी?" ते म्हणाले. सगळ्या मैदानाने ऐकलं.

मी पतंग झुकवला. एक.

"मामी, काय करताय?"

दोन.

ते मोजा काढायला धावले असणार, कारण डावा हात उजव्याकडे गेला. माणूस हुशारच. पण तिसऱ्याला काय होणार हे त्यांना माहीत नव्हतं.

तीन.

बोटं उघडली. आधी करंगळी, मग बाकीची. दोरी सुटली ती सुटतच गेली. जावई डाव्या हाताने उजव्या हाताची बोटं मिटायला बघत होते, चार मजली पडद्यावर, अख्ख्या गावासमोर, आणि माझा हात त्यांचं ऐकत नव्हता. मग त्यांच्या मागे बघत उभे असलेले, तोच हात घातलेल्यांचे शेकडो पतंग, ज्यांनी ज्यांनी माझा रामराम पाहिला ते सगळे, एकेक करत सुटले. सगळं मानाचं आभाळ वाऱ्यावर वाहत गेलं. उरला एक पांढरा, फुकटवाला.

मैदानातून आरोळी उठली, "वक्काट." येवल्याला कोणाचा पतंग कापला याच्याशी देणंघेणं नसतं, कापला याच्याशी असतं.

नसरीनने मोजा माझ्या हातातून सोडवला. "मावशी, बस. झालं."

मग मी माझ्या घरी गेले आणि चौकटीत उभी राहून, रस्त्यावरून जाणाऱ्या कोणालाही ऐकू जाईल असं म्हटलं, "सासूचा हात होता." बास. सात महिने तेवढंच एक वाक्य तोंडात धरून ठेवलं होतं.

दिवेलागणीपर्यंत कंपनीने तो हात बाजारातून काढला. त्यातून रामराम वेगळा काढता येणार नाही, असं नसरीनला कोणीतरी सांगितलं. मीठ कणकेतून काढता येत नाही. जावई त्याच रात्री पुण्याला गेले. मुख्य वगैरे आता दुसरं कोणी होईल.

दुसऱ्या दिवशी कर. सकाळी शीतल आली. तिळगूळ घ्यायला नाही. सरळ गच्चीवर. मी खरा पतंग चढवला होता, खऱ्या दोरीचा. विधवा बाई पतंग उडवते म्हणून आळी बघत होती. बघू दे.

"घर गेलं आमचं," ती म्हणाली.

"माझा हात गेला तेव्हा तू सही केलीस."

"ते माझ्याशी धड बोलत नाहीत. म्हणतात, तुझ्या आईला विचार आता कसं जगायचं."

"मग विचार."

ती बघत राहिली. तिचे डोळे नानांचे आहेत. "तू त्यांना नाही कापलंस, आई. मला कापलंस."

"तुला कापायचं असतं तर धोंड्यालाच कापलं असतं. पानावर."

ती खाली गेली. मला वाटलं गेली हॉटेलात. थोड्या वेळाने बोळाच्या पलीकडे, नसरीनच्या गच्चीवर दिसली. नसरीन तिच्या मागे आसारी धरून उभी. माझ्या लेकीला आम्ही कधी पतंग उडवू दिला नव्हता. तिने हिरवा पतंग चढवला, वेडावाकडा, गोते खात. पण चढवला. आणि सरळ माझ्या पतंगाकडे आणला.

ये, मी मनात म्हटलं. मी दबा धरला. दोन हात ढील, एक खेच, आणि ती गेली असती. तिला कळायला हवं होतं की सही म्हणजे काय. अख्ख्या आळीसमोर मी तिला कापणार होते, आणि मला त्याची जराही लाज वाटत नव्हती. करंगळी उचललीसुद्धा.

तिचा पतंग खाली झुकला. मला वाटलं गोता खाल्ला. परत वर आला, परत झुकला. नसरीनने सांगितलं असेल, किंवा लहानपणी बापाला बघितलं असेल, मी विचारलं नाही. तिसऱ्यांदा झुकला.

माझी बोटं उघडली.

मी उघडली नाहीत. मी मिटत होते. मी दात ओठ खाऊन मिटत होते, आणि आसारी माझ्या दुसऱ्या हातात गरगर फिरत होती, दोरी बोटांतून सुटत होती, शेवटच्या टोकापर्यंत. मग तेही गेलं. पांढरा पतंग पैठणीवाल्यांच्या माड्यांवरून वाहत दिसेनासा झाला.

पलीकडे शीतल दोन्ही हातांनी तोंड झाकून रडत होती. मग धावत जिना उतरली, बोळ ओलांडला, माझ्या गच्चीवर आली आणि माझ्या गळ्यात पडली.

"आई," म्हणाली, "सोडलंस ना?"

नसरीन पलीकडून माझ्याकडे बघत होती. तिला एकटीला खरं काय ते माहीत होतं.

मी सोडलेलं नाही. मरेपर्यंत सोडणार नाही. पण लेकीच्या पाठीवरून एक हात फिरत होता, करंगळी जरा बाजूला उचललेला. तो माझं ऐकायचा कधीच थांबला होता.